जळालेल्या तबकड्या आणि दोन रोबो: एका 'जुन्या' अल्बमवरील वादाचा इतिहास

१/
यंत्रांच्या आवाजावर ज्यांची कीर्ती उभी होती, अशा दोन कलाकारांनी २०१३ साली बहुतांश यंत्रे बाजूला ठेवली आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या पद्धतीने अल्बम ध्वनिमुद्रित केला. काही चाहत्यांना तो पुनर्जन्म वाटला, काहींना विश्वासघात. मित्रहो, आजचा धागा फ्रान्सच्या डाफ्ट पंक या जोडीविषयी आणि 'रँडम ॲक्सेस मेमरीज' या अल्बमवर उसळलेल्या वादाविषयी आहे. हा वाद केवळ अभिरुचीचा नव्हता. भूतकाळ कोणाचा, हा प्रश्न त्याच्या तळाशी होता.

२/
आधी पात्रपरिचय. थॉमस बांगाल्टर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे पॅरिसमधील शाळासोबती. त्यांच्या 'डार्लिन' नावाच्या आधीच्या रॉक बँडची एका ब्रिटिश साप्ताहिकाने खिल्ली उडवली. त्या परीक्षणातील अवहेलनेच्या शब्दांतूनच त्यांनी १९९३ च्या सुमारास 'डाफ्ट पंक' हे नाव उचलले. 'होमवर्क' (१९९७), 'डिस्कव्हरी' (२००१) आणि 'ह्यूमन आफ्टर ऑल' (२००५) हे त्यांचे पहिले तीन अल्बम. 'डिस्कव्हरी'च्या काळापासून ते रोबोची शिरस्त्राणे घालूनच लोकांसमोर येऊ लागले.

३/
२००६ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात त्यांनी प्रकाशमान पिरॅमिडमधून कार्यक्रम सादर केला. पाठोपाठ निघालेल्या दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणाने, 'अलाइव्ह २००७'ने, एक पिढी घडवली. पुढच्या पाचसहा वर्षांत 'ईडीएम' या नावाने जे नृत्यसंगीत अमेरिकेतील मैदाने भरू लागले, त्याच्या अनेक कर्त्यांनी त्या पिरॅमिडला आपले प्रेरणास्थान मानले. त्यामुळे नवा अल्बम येणार म्हटल्यावर चाहत्यांची अपेक्षा ठरलेली होती: आणखी मोठा आवाज, आणखी मोठा पिरॅमिड.

४/
२०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर अवघ्या पंधरा सेकंदांची जाहिरात झळकली. चाहत्यांनी तो तुकडा पुन्हापुन्हा जोडून त्याची लांबच लांब आवर्तने तयार केली. गाणे प्रसिद्ध होण्याआधीच लोकांनी ते स्वतःच 'रचले' होते. खोटी गळती झालेली गाणीही फिरू लागली. १९ एप्रिलला 'गेट लकी' अधिकृतपणे आले. मेमध्ये अल्बमचे उद्घाटन ऑस्ट्रेलियातील वी वॉ या कापूस पिकवणाऱ्या लहानशा गावातील वार्षिक कृषी प्रदर्शनात झाले. रोबो स्वतः तिथे गेलेच नाहीत, तरी चाहते मात्र दूरदूरहून पोहोचले.

५/
आणि मग अल्बम ऐकल्यावर अनेकजण गोंधळले. त्यात ओमार हकीम आणि जॉन रॉबिन्सन यांचे खरेखुरे ड्रम होते, नेथन ईस्टचा बास होता, सजीव वाद्यवृंद होता. ड्रम मशीन फक्त दोन गाण्यांत होते. इतरांच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, म्हणजे 'सँपल', केवळ शेवटच्या 'कॉन्टॅक्ट' या गाण्यात होता. त्याच गाण्यात १९७२ च्या अपोलो १७ मोहिमेतील अंतराळवीराचा आवाजही ऐकू येतो. ज्यांची कारकीर्द सँपलवर उभी राहिली, त्यांनी सँपल जवळजवळ वर्ज्य केले होते.

६/
चाहत्यांचे ढोबळमानाने तीन गट पडले. पहिल्या गटाचा आक्षेप असा: हे इलेक्ट्रॉनिक संगीतच नव्हे, भविष्य दाखवणारे लोक आता आईवडिलांच्या तबकड्या वाजवत आहेत. दुसऱ्या गटाला वाटले की एकसुरी ईडीएमला हे चोख उत्तर आहे. तिसरा गट वयाने मोठा होता. त्याला हे संगीत जुने वाटले नाही आणि नवेही वाटले नाही. ते ओळखीचे वाटले. स्वतः बांगाल्टरने त्या काळच्या मुलाखतींत इलेक्ट्रॉनिक संगीत आपल्या सुखासीन कोशात अडकल्याची तक्रार केली होती.

७/
'ओळखीचे' हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने तपासून घ्यायला हवा. कोणाच्या ओळखीचे? त्यासाठी १२ जुलै १९७९ च्या रात्रीकडे जावे लागेल. स्थळ: शिकागोचे कॉमिस्की पार्क हे बेसबॉलचे मैदान. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने आवाहन केले होते की डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये प्रवेश मिळवा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या तबकड्यांचा ढीग मैदानावर स्फोटकांनी उडवण्यात आला. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. दुसरा सामना खेळवताच आला नाही आणि यजमान संघाला तो गमवावा लागला.

८/
डिस्को हे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समुदायांच्या क्लबांत वाढलेले संगीत होते. त्या रात्री विन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय किशोर त्याच मैदानात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करत होता. सिंथेसायझर घेण्यासाठी तो पैसे साठवत होता. त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या, केवळ कृष्णवर्णीय कलाकारांच्या तबकड्याही होत्या. ही साक्ष महत्त्वाची आहे, कारण जमावाचा राग नेमका कशावर होता हे ती दाखवते.

९/
पुढील घडामोडी पाहा. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतले. पण त्याच शिकागोतील 'वेअरहाउस' या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स डिस्कोच्या तबकड्यांना नवे रूप देत होता, आणि त्या क्लबच्या नावावरूनच 'हाउस' ही संज्ञा रुळली. १९८४ साली जेसी सॉन्डर्सने 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते. तिच्या निर्मितीत सॉन्डर्सचा सहकारी कोण होता? मैदानात जागा दाखवणारा तोच विन्स लॉरेन्स.

१०/
डाफ्ट पंकचे मूळ या हाउसमध्ये आहे. 'होमवर्क'मधील 'टीचर्स' या गाण्यात त्यांनी आपल्या गुरूंची नावेच वाचून दाखवली आहेत, आणि त्यांत शिकागोकर भरपूर आहेत. दुसरा धागा घरातला आहे. थॉमसचे वडील डॅनिएल व्हांगार्द हे स्वतः डिस्को निर्माते. ओटावान या जोडीचे १९७९ मधील गाजलेले 'डी.आय.एस.सी.ओ.' हे गाणे त्यांच्या सहलेखनातील. म्हणजे 'आईवडिलांच्या तबकड्या' हा चाहत्यांचा टोमणा एका रोबोच्या बाबतीत शब्दशः खरा होता.

११/
भारतीय वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'डिस्को मेला' हे विधान अमेरिकेपुरतेच खरे होते. १९८० च्या 'कुर्बानी'तील नाझिया हसनचे गाणे, १९८२ चा 'डिस्को डान्सर': मुंबईत तर तेव्हा डिस्कोची भरती होती. त्याच १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी दहा रागांना डिस्कोचा ठेका देणारी तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्यांनी वापरलेले टीबी-३०३ हे जपानी यंत्र बाजारात पडले आणि १९८४ च्या सुमारास बंद झाले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या याच यंत्रावर शिकागोच्या तरुणांनी १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' घडवले.

१२/
सिंग यांची ती तबकडी त्या काळी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभरच्या श्रोत्यांना वाटले की ही तर शिकागोच्या आधीची शिकागो! दोन्हींमध्ये थेट संबंध असल्याचा पुरावा नाही; एकाच यंत्राने दोन शहरांत स्वतंत्रपणे वाट काढली, इतकेच म्हणता येते. परंतु यातून एक धडा मिळतो: एखादा आवाज 'जुना' आहे की 'काळाच्या पुढे', हे बहुधा तो कोणी, कुठे आणि केव्हा ऐकला यावर ठरते.

१३/
आता पुन्हा २०१३ कडे. 'गेट लकी'तील ती उड्या मारणारी गिटार नाइल रॉजर्स यांची. त्यांच्या 'शीक' या बँडचे 'गुड टाइम्स' १९७९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मैदानावरील त्या स्फोटानंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्यानंतर शीकला तसे यश लाभले नाही. डोना समरच्या 'आय फील लव्ह'चे (१९७७) सहनिर्माते जॉर्जिओ मोरोडर अल्बममध्ये आपली जीवनकथा सांगतात. तो आवाज वेगवेगळ्या दशकांतील तीन मायक्रोफोनांवर ध्वनिमुद्रित केला गेला. मौखिक इतिहासाचा याहून काटेकोर आग्रह मी तरी कुठे पाहिलेला नाही.

१४/
पण टीकाकारांची बाजूही दुबळी नव्हती. अल्बमने कोणता भूतकाळ निवडला? लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या महागड्या स्टुडिओंतला, झळझळीत, अव्वल वादकांचा. शिकागोच्या तळघरांतला, उधारीच्या यंत्रांवरचा भूतकाळ त्यात फारसा नाही. आणि 'सँपल नको, माणसे हवीत' ही भूमिका उदात्त खरी, पण तिच्या मागे एक हिशेब उरतो. 'वन मोअर टाइम' हे त्यांचे गाजलेले गाणे एडी जॉन्स या गायकाच्या १९७९ च्या तबकडीवर उभे आहे. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने प्रकाशात आणले की ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाला पैसे मिळत होते, जॉन्स यांना मात्र त्यातले काही मिळाले नव्हते. त्यांनी मधल्या काळात बेघर अवस्थाही भोगली होती.

१५/
रॉजर्स व्यासपीठावर आले, जॉन्स आले नाहीत. जतन करणे म्हणजे निवडणे, आणि निवडीत कोणीतरी सुटतेच. अभिलेखागारात आपण हेच पाहतो: ज्याची कागदपत्रे नीट, त्याचा इतिहास ठळक. २६ जानेवारी २०१४ रोजी ग्रॅमी सोहळ्यात रोबो, रॉजर्स, फॅरेल विल्यम्स आणि स्टीव्ही वंडर यांनी 'गेट लकी' सादर केले. मध्येच शीकचे 'ले फ्रीक' मिसळले आणि सभागृह उठून नाचू लागले. वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला. ज्या संगीताच्या तबकड्या जाळल्या गेल्या, त्याचा हा सन्मान होता. तो खराच होता, आणि अपुराही.

१६/
चाहत्यांच्या निवाड्याचे काय? 'ह्यूमन आफ्टर ऑल' २००५ मध्ये अनेकांना कंटाळवाणा वाटला. तीच गाणी पिरॅमिडमधून ऐकल्यावर लोकांनी डोक्यावर घेतली. पिचफोर्क या संगीतविषयक प्रकाशनाने २००१ मध्ये 'डिस्कव्हरी'ला १० पैकी ६.४ गुण दिले होते. २०२१ मध्ये, जोडी विभक्त झाल्यावर काही महिन्यांनी, जुन्या गुणांचा फेरविचार करताना त्याला पूर्ण १० दिले, आणि 'रँडम ॲक्सेस मेमरीज'चे ८.८ वरून ६.८ वर आणले. अल्बम तेच राहिले; काळ सरकला आणि ऐकणारे बदलले.

१७/
जाता जाता एक कबुली. २०१३ मध्ये मी शाळेत होते आणि 'गेट लकी' मला अगदी कोरे करकरीत गाणे वाटले होते. त्यातली गिटार माझ्या जन्माआधी दोन दशके एका मैदानावर 'मारली' गेली होती, हे कळायला एम. ए.चे वर्ग उजाडावे लागले. कळल्यावर गाणे जुने झाले नाही. त्याच्यामागे माणसे दिसू लागली. संगणकातील 'रॅम' ही स्मृती वीज गेली की पुसली जाते. समाजाच्या स्मृतीचेही तसेच आहे, तिला कोणीतरी वीजपुरवठा करत राहावे लागते.

१८/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या ज्येष्ठ बँडचा 'जुन्या वळणाचा' अल्बम आला आणि वाद पेटला, तर आवडला की नाही यापाशी थांबू नका. तीन प्रश्न विचारा: हा भूतकाळ कोणाचा? तो कोणी निवडला? निवडताना कोण सुटले? आपल्या घरातील तबकड्या, कॅसेटी, आईवडिलांच्या आवडीची गाणी यांनाही हेच प्रश्न विचारून पाहा, आणि सापडले ते खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.