विज्ञानातून साक्षरता : मूल्यमापनाचे दोन टप्पे
कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो हे मेक्सिकोच्या सीमेजवळचे शहर. तेथील अनेक मुलांची घरची भाषा स्पॅनिश. १९९०च्या दशकात तेथील प्राथमिक शाळांत मुले प्रयोग करून निरीक्षणे वहीत लिहू लागली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की कार्यक्रमात जितकी वर्षे अधिक, तितके विज्ञान, वाचन व लेखनातील गुण अधिक. येथे तुम्ही विचारले पाहिजे : चार वर्षे एकाच ठिकाणी टिकलेली मुले मुळातच अधिक स्थिर घरांतील असतील का?

ही शंका मिटवायची, तर गट यादृच्छिक पद्धतीने पाडावे लागतात. बर्कलेच्या ‘सीड्स ऑफ सायन्स, रूट्स ऑफ रीडिंग’च्या २०१२च्या अभ्यासात चौथीच्या ९४ वर्गांत तसे केले गेले. विज्ञानाची समज, शब्दसंग्रह व लेखन यांत कार्यक्रमातील मुले पुढे गेली. वाचनात मात्र दोन्ही गटांची प्रगती सारखीच राहिली. म्हणून निष्कर्ष स्वीकारण्यापूर्वी गट कसे पाडले, हे तपासा.