माळवद, ओल आणि हक्काच्या भिंती

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सगळे सोसायटीचा इतिहास लिहितील. मी जरा त्या आधीचा लिहितो. इथे येण्यापूर्वी आपल्यातले बरेच जण बीडच्या जुन्या पेठांत भाड्याने राहत. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, फळ्या आणि मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा मिळे; मात्र मृगापूर्वी वर पांढरी माती पडली नाही, की पावसाळाभर घरात पातेली मांडायची!

२३ जुलै १९८९ ला बिंदुसरेला महापूर आला. पाणी ओसरले, ओल राहिली. मातीची भिंत पाणी पटकन पिते, सोडते मात्र सावकाश. आमच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी चढली आणि धाकटीला रात्री धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण आधी भिंत वाळवा."

तेव्हा मराठवाड्यात निजामी राज्यानंतरच्या हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा चालू होता. दुरुस्ती मालकाने करायची. त्याने न केल्यास भाडेकरूने करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण काही मर्यादेपर्यंतच. मी हिशेब मांडला. त्या रकमेत एक भिंतही होईना! घरमालकीण काकू म्हणाल्या, "साहेब, एवढ्याशा भाड्यात मी तरी कुठून करू?" त्यांचेही खोटे नव्हते. शेवटी चुना त्यांचा, मजुरी आमची, असे ठरले. ओला गिलावा खरवडला, दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंत पूर्ण वाळू दिली, मगच चुना दिला. चुन्याच्या क्षारावर बुरशी सहसा धरत नाही. धाकटीची धाप हळूहळू कमी झाली.

३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच भाडे नियंत्रण कायदा आला. त्याच सुमारास आपणही मालक झालो. पण स्लॅबलाही ओल येतेच की! फरक एवढाच, आता भांडायला घरमालक नाही. गच्चीची गळती आणि बाहेरचे सामाईक पाइप सोसायटीचे. आपल्या मोरीचे, संडासाचे पाणी खालच्यांकडे झिरपले तर दुरुस्ती आपली. उपविधी हेच सांगतात.

नव्या पिढीला एकच सांगणे. पाणी कुठून येते ते शोधल्याशिवाय ओलीवर रंग मारू नका. बुरशी पुन्हा वर येते. आणि खालच्या मजल्यावरच्या ताई "तुमचं गळतंय" म्हणाल्या, तर रागावू नका. त्यांच्याही घरात लेकरं आहेत.