नगर प्रांतांतील पोथी व छापील पान

अमेरिकेंतील शोधांची हकीकत विद्यार्थ्यांस सांगतांना मोर्सचा १८४४ चा तारसंदेश, १८७६ चा दूरध्वनि, १८७७ चा एडिसनचा फोनोग्राफ अशी सनावळी फळ्यावर लिहिली जाते. यंत्र निघालें कीं समाज पालटला, असा समज तीमुळें होतो. अहमदनगर (सांप्रतचें अहिल्यानगर) जिल्ह्यापुरतें पाहतां तो टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

नगरास अमेरिकन मिशनरी १८३१ त आले व १८४२ त तेथूनच 'ज्ञानोदय' निघूं लागलें. 'दर्पण' निघून तेव्हां अवघीं दहा वर्षें झालीं होतीं. परंतु त्याच जिल्ह्यांत, राहुरीजवळच्या ताहराबादेस, महिपतीनें (१७१५–१७९०) रचिलेला 'भक्तविजय' तत्पूर्वींच हातोहात नकलून गांवोगांव पोंचला होता. एकानें वाचावें व मंडळीनें ऐकावें, हा त्याचा प्रचार.

हा ग्रंथ पुढें शिळाछापावर निघाला. जर्मनींत सेनेफेल्डरनें अठराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या या युक्तींत खिळे लागत नाहींत. लेखक स्निग्ध शाईनें कागदावर लिही. तें लेखन शिळेवर उठवून प्रती काढीत. म्हणजे अक्षर नकलनविसाचेंच. वाढली ती प्रतींची संख्या. आडवीं सुटीं पानें, शेवटीं शक व लेखकाचें नांव, सर्व पोथीप्रमाणेंच. ऐकणाऱ्यास तर फरक कळलाही नसेल!

खरा पालट खिळ्यांनीं केला. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत हें काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६४ त स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना व १८६९ त 'निर्णयसागर' काढला. मोडीचेही खिळे झाले होते. तथापि छापील ग्रंथांत बाळबोधच रूढ झाली व मोडी दप्तरांत उरली. आज दप्तर वाचण्यास निराळें शिक्षण घ्यावें लागतें, त्याचें हें एक मोठें कारण होय.

ऐकण्याची संवय मात्र गेली नाहीं. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ त पडद्यावर आला, तेव्हां तुकोबांचें चरित्र महिपतीच्या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला प्रेक्षक त्यास तयारच मिळाला. त्याच महिपतीचें इंग्रजी भाषांतर, 'ज्ञानोदया'चे एके काळचे संपादक जस्टिन ॲबट व नरहर गोडबोले यांनीं केलेलें, १९३३ त प्रसिद्ध झालें.

आमची तक्रार संग्राहकांविषयीं आहे. हस्तलिखित रुमालांत बांधावयाचें आणि शिळाछापाची पोथी 'छापील' म्हणून रद्दींत टाकावयाची, हा प्रकार आम्हीं अनेकदां पाहिला. या दोहोंमधली कडी तिच्याच पानांत आहे. ठेवण्यास जागा नसेल, तर निदान शेवटच्या पानावरील छापखाना, गांव, शक व लेखकाचें नांव उतरून घ्यावें.