फिलिपचा रथ, केल्टांचा घोडा

केल्टिक सोन्याच्या नाण्यांचे मूळ मासिडोनियात आहे. तेथील दुसऱ्या फिलिपने (इ.स.पू. 359 ते 336) ‘स्टेटर’ नावाचे सुमारे 8.6 ग्रॅमचे नाणे पाडले. एका बाजूला लॉरेलच्या पानांची माळ ल्यालेले अपोलोचे मस्तक, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ आणि खाली राजाचे नाव. केल्ट योद्धे ग्रीक सत्ताधीशांच्या पदरी भाडोत्री सैनिक म्हणून लढत. सोने गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात, पोहोचले ते मुख्यतः या चाकरीतून, असे मानतात. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तेथे या नाण्याच्या नकला पडू लागल्या. बोहेमियात मात्र नमुना होता अलेक्झांडरच्या स्टेटरचा.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. खळगे असलेल्या मातीच्या साच्यात सोने वितळवून गोळ्या करत, त्या चपट्या करून दोन ठशांमध्ये ठेवत आणि वरून हातोडा मारत. बव्हेरियातील मांखिंग आणि इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथे असे साचे सापडले आहेत. ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अनेक नाण्यांवर पूर्ण चित्र उमटतच नाही. ही नाणी गूढ वाटण्याचे निम्मे कारण इथेच आहे.

उरलेले कारण कारागिरांच्या हातात होते. आधी फिलिपच्या नावातील अक्षरांच्या निरर्थक रेघा झाल्या. मग एक घोडा गेला, रथ गेला; त्याचे एक सुटे चाक घोड्याच्या पोटाखाली राहिले. पॅरिसी जमातीच्या नाण्यांवर घोड्याच्या वर जाळीसारखी नक्षी पसरली. गॉलमधील ब्रिटनीत घोड्याला माणसाचे डोके आले आणि अपोलोभोवती मण्यांच्या दोऱ्यांना लटकलेली छोटी मुंडकी दिसू लागली. ब्रिटनमध्ये तर देवाचा चेहराच नाहीसा झाला. माळ आणि चंद्रकोरी तेवढ्या उरल्या. सोन्यातही चांदी-तांब्याचे हीण वाढत गेले.

जॉन एव्हान्स यांनी 1864 च्या ग्रंथात ब्रिटनमधील नाणी क्रमाने मांडून ही उतरंड दाखवली. नकलेची नक्कल होताना चित्र बिघडत गेले, असे त्यांचे म्हणणे. क्रम ग्राह्य आहे, ‘बिघाड’ मात्र पटत नाही. ज्या हाताला घोड्याची मान एका वळणात साधते, त्याला रथ जमला नाही, असे कसे म्हणावे? नको ते गाळून हवे ते ठेवले, हेच खरे. चाक सूर्याचे प्रतीक असावे, असा तर्क आहे. पण केल्टांनी स्वतः याविषयी काहीच लिहून ठेवलेले नाही.

दक्षिण जर्मनीतील वाटीसारखी खोलगट नाणी पाऊस पडून गेल्यावर नांगरटीत चकाकत. इंद्रधनुष्य जिथे टेकते तिथे ती सापडतात, अशी लोकांची समजूत. त्यावरून त्यांना ‘इंद्रधनुष्याच्या वाट्या’ म्हणू लागले. मांखिंगला 1999 मध्ये 483 नाण्यांचा साठा मिळाला. नोव्हेंबर 2022 मध्ये तो तेथील संग्रहालयातून चोरीला गेला.

इ.स.पू. पहिल्या शतकात नाण्यांवर लॅटिन लिपीत राजांची नावे आली. सीझरशी लढलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सची नाणी अत्यंत दुर्मीळ आहेत. गॉल रोमच्या ताब्यात गेल्यावर तेथील सोन्याची नाणी थांबली. ब्रिटनमध्ये कुनोबेलिनस राजा आपल्या नाण्यांवर धान्याचे कणीस आणि राजधानीच्या नावाची आद्याक्षरे छापत होता. इ.स. 43 मध्ये रोमन सैन्य तेथेही उतरले आणि पुढच्या काही वर्षांत ही नाणी पाडणे बंद झाले.