उद्यांच्या घराचें आजचें तारण

लहानसें जुनें घर, भोंवतीं मोठी बाग, आणि शहराचा रस्ता दाराशीं येऊन ठेपलेला. अशा घराला दोन किंमती असतात. एक राहत्या घराची, दुसरी तें पाडून तेथें उभ्या राहूं शकणाऱ्या इमारतीची. विकणाऱ्यानें दुसरी मागावी यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तेंच घर गहाण ठेवून घेणाऱ्यानें कोणती धरावी? या प्रश्नाची झळ एकोणिसाव्या शतकांत बर्लिन शहराला चांगलीच लागली.

१८६२ सालीं जेम्स होब्रेख्ट याचा नगररचनेचा आराखडा तेथें अंमलांत आला. शेतांवरून, कागदावर, रुंद रस्ते आणि प्रशस्त चौकोन आंखले गेले. नांगर अजून चालतच होता; भाव मात्र इमारतीच्या जागेचा झाला. शेनेबर्गच्या जमीनमालकांना तर लोक 'लक्षाधीश कुणबी' म्हणूं लागले. हा भाव भाड्यांतून वसूल व्हावा म्हणून एकामागें एक चौक घालून पांचमजली इमारती उठल्या. १८५३ च्या नियमाप्रमाणें चौक ५.३४ मीटर लांबीरुंदीचा असला कीं पुरे. आगीचा बंब तेवढ्यांत वळत असे. आंत राहणाऱ्यांना ऊन किती मिळेल, हें त्या हिशेबांत नव्हतें.

१८७१ नंतर फ्रान्सकडून पांच अब्ज फ्रँकांची युद्धखंडणी आली आणि या व्यवहाराला ऊत आला. १८७३ सालीं तो ओसरला. वेस्टएंड ही बंगल्यांची वसाहत वसविणाऱ्या क्विस्टॉर्प याची पेढी त्याच वर्षीं बुडाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. गहाणपेढी कर्ज देते तें बव्हंशीं रोखे विकून उभारलेल्या पैशांतून. थोड्या व्याजावर समाधान मानून सुरक्षितता शोधणारीं कुटुंबें ते रोखे घेतात. मालकाच्या आशेवर कर्ज दिलें, तर ती आशा फसल्याचा भुर्दंड अखेर या कुटुंबांवर येण्याचा संभव.

१३ जुलै १८९९ च्या जर्मन कायद्यानें नेमका हाच धागा पकडला. किंमत ठरवितांना मालमत्तेचे कायमचे गुण आणि नीट व्यवस्था ठेवणाऱ्या कोणाही मालकाला तिच्यापासून टिकाऊपणें मिळेल असें उत्पन्न, एवढेंच पाहावयाचें. त्या किंमतीच्या तीन पंचमांशांपलीकडे कर्ज द्यावयाचें नाहीं. मोकळ्या इमारतीच्या जागा आणि अपुरीं बांधकामें यांवरील गहाणें रोख्यांच्या तारणांत एक दशांशाहून अधिक नकोत, आणि पेढीच्या वसूल भांडवलाच्या निम्म्याहूनही अधिक नकोत. आशेला कायद्यानें अगदींच हांकलून दिलें नाहीं. तिला एक कोपरा आंखून दिला. हें शहाणपणाचें होतें, कारण जागाच तारण नाहीं म्हटलें तर नवीं घरें बांधणार कोण?

कायदा १९०० च्या पहिल्या दिवशीं लागू झाला, आणि त्याच वर्षाच्या शरदऋतूंत प्रशियन गहाणपेढी कोसळली. आपल्याच पोटसंस्थांना फुगविलेल्या किंमतीवर तिनें कर्जें दिलीं होतीं. रोखेधारकांना आपल्या येण्यांत कपात सोसावी लागली. संचालकांवर खटले झाले. कागदावर नियम आला, तरी जुनीं गहाणें दप्तरांत तशींच होतीं.

२००५ सालीं त्या कायद्याची जागा नव्यानें घेतली. तारणाची किंमत काढतांना सट्ट्याचा अंश धरूं नये, असें त्यांत स्पष्ट शब्दांत आलें. तीन पंचमांशांची मर्यादा मात्र जुनीच राहिली.