टिळक एअर सॅम्पलर

टिळक एअर सॅम्पलर हे हवेतील परागकण, कवकांचे बीजाणू व इतर सूक्ष्म जैविक कण गोळा करून त्यांची मोजणी करण्यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील प्राध्यापक एस. टी. टिळक यांच्या नावाने ते ओळखले जाते. टिळक आणि आर. एल. कुलकर्णी यांनी १९७० मध्ये एक्स्पिरिएन्शिया या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. भारतातील वायुजीवशास्त्रात, विशेषतः महाराष्ट्रातील पदव्युत्तर व पीएच.डी. संशोधनात, पिकांवरील रोगांचा अभ्यास करण्यासाठी या उपकरणाचा मोठा वापर झाला आहे.

पार्श्वभूमी

हवेतून वाहून जाणाऱ्या सजीव कणांचा, त्यांच्या उगमाचा, प्रवासाचा आणि परिणामांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला वायुजीवशास्त्र म्हणतात. हे नाव १९३० च्या दशकात अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ एफ. सी. मायर यांनी रूढ केले. भारतात मात्र अशा स्वरूपाचे काम त्याआधीच झाले होते. डी. डी. कनिंगहॅम यांनी कोलकात्याच्या हवेतील सूक्ष्मकणांची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे आग्रा येथील के. सी. मेहता यांनी गव्हाच्या तांबेरा रोगावर दीर्घकाळ संशोधन केले. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरू शकत नाहीत. डोंगराळ भागात ते टिकून राहतात आणि दरवर्षी वाऱ्याबरोबर पुन्हा मैदानातील पिकांवर येतात, असे त्यांनी दाखवून दिले. एका शेतातील रोगाचे मूळ दूरच्या प्रदेशात असू शकते, हे या संशोधनामुळे स्पष्ट झाले.

हवेतील कणांचे प्रमाण मोजण्यासाठी पूर्वी वंगण लावलेली काचपट्टी उघड्यावर ठेवली जात असे. गुरुत्वाकर्षणाने तिच्यावर पडलेले कण मोजता येत. परंतु ते किती हवेतून आले हे सांगता येत नसे. शिवाय जड कण लवकर खाली बसतात आणि हलके कण तरंगत राहतात, त्यामुळे मिळणारे चित्र एकांगी असे. इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथील जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये ठरावीक वेगाने हवा ओढून घेणारा स्वयंचलित बीजाणू सापळा तयार केला आणि ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. हर्स्ट यांचा सापळा व त्यावर आधारित उपकरणे परदेशी बनावटीची होती. भारतीय विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्र विभागांना उपलब्ध होईल आणि शेतात अनेक दिवस चालू ठेवता येईल अशा देशी उपकरणाची गरज होती. टिळक एअर सॅम्पलरने ही गरज भागवली.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे झाले. टिळक हे मुळात कवकशास्त्रज्ञ होते. भारतातील अॅस्कोमायसीट या कवकगटावर त्यांचे संशोधन आहे. या गटाचे अनेक बीजाणू हवेतून पसरत असल्याने कवकशास्त्राकडून वायुजीवशास्त्राकडे वळणे स्वाभाविक होते.

रचना व कार्यपद्धती

उपकरण विजेवर चालते. आतील पंखा बाहेर आलेल्या नळीच्या तोंडातून दर मिनिटाला ५ लिटर या वेगाने हवा आत ओढतो. नळीच्या दुसऱ्या टोकासमोर एक दंडगोल असतो. त्यावर पारदर्शक सेलोफेनची पट्टी गुंडाळलेली असून तिला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिलेला असतो. वेगाने आलेली हवा पट्टीपाशी वळते. तिच्यातील कण मात्र जडत्वामुळे सरळ जाऊन पट्टीवर आदळतात व चिकटतात. घड्याळाच्या यंत्रणेला जोडलेला दंडगोल ८ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे पट्टीवरील कणाच्या जागेवरून तो कोणत्या वेळी आला हे ओळखता येते.

आठ दिवसांनंतर पट्टी काढून तिचे १६ समान भाग करतात. प्रत्येक भाग १२ तासांचा, म्हणजे एका दिवसाचा किंवा एका रात्रीचा असतो. हे भाग ग्लिसरीन जेलीत काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. १२ तासांत उपकरणातून ३,६०० लिटर, म्हणजे ३.६ घनमीटर हवा जाते. पट्टीच्या ठरावीक भागात दिसलेल्या कणांच्या संख्येला गुणकाने गुणून एक घनमीटर हवेतील संख्या काढली जाते. या उपकरणासाठी १४ हा गुणक रूढ आहे. उदाहरणार्थ, वाचनात एखाद्या प्रकारचे २५ बीजाणू आढळले, तर हवेतील त्यांचे प्रमाण दर घनमीटरला ३५० मानले जाते.

दिवस व रात्र वेगळी पाडण्याला जीवशास्त्रीय महत्त्व आहे. अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम यांसारख्या कवकांचे कोरडे बीजाणू ऊन तापल्यावर व वारा सुटल्यावर हवेत अधिक आढळतात. याउलट अॅस्कोमायसीट कवकांच्या बऱ्याच बीजाणूंना बाहेर पडण्यासाठी ओलावा लागतो. त्यांची संख्या पावसानंतर किंवा रात्रीच्या दमट हवेत वाढते.

पीकरोगांच्या अभ्यासातील उपयोग

मराठवाड्यातील शेती मुख्यतः कोरडवाहू आहे. ज्वारी, बाजरी, भुईमूग, कापूस, तूर, सोयाबीन ही येथील महत्त्वाची पिके आहेत. तांबेरा, भुईमुगावरील टिक्का आणि पानांवरील करपा या रोगांचा प्रसार करणारे बीजाणू हवेतून पसरतात. रोगाचे ठिपके पानावर दिसू लागतात तेव्हा संसर्ग होऊन काही दिवस उलटलेले असतात. त्या वेळी केलेली फवारणी अनेकदा उशिराची ठरते. याउलट ठरलेल्या तारखांना, रोग असो वा नसो, फवारणी केल्यास खर्च वाढतो, जमिनीतील उपयुक्त कवकांना अपाय होण्याचा संभव असतो आणि रोगकारक कवकात औषधाला प्रतिकारक्षमता निर्माण होऊ शकते. हवेतील बीजाणूंची संख्या वाढू लागल्याचे वेळीच कळले, तर फवारणी गरजेपुरती व योग्य वेळी करता येते. शाश्वत शेतीच्या दृष्टीने या उपकरणाचे महत्त्व यातच आहे.

या विषयावरील पदव्युत्तर व पीएच.डी. संशोधनाची एक पद्धत रूढ झाली आहे. विद्यार्थी एक पीक निवडतो, त्याच्या शेतात पिकाच्या उंचीचा विचार करून उपकरण बसवतो आणि पेरणीपासून काढणीपर्यंत, बहुधा दोन हंगाम, नमुने घेतो. त्याबरोबर तापमान, सापेक्ष आर्द्रता व पाऊस यांच्या नोंदी ठेवल्या जातात आणि पिकावर रोग कधी व किती दिसला हे नोंदवले जाते. शेवटी बीजाणूंची संख्या, हवामान आणि रोगाचे प्रमाण यांचा परस्परसंबंध तपासला जातो. अशा अभ्यासांतून त्या त्या पिकाचे बीजाणू वेळापत्रक तयार होते.

लेण्यांतील हवेचा अभ्यास

औरंगाबाद लेणी विद्यापीठ परिसराच्या लगतच्या डोंगरात आहेत. टिळक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या लेण्यांच्या आतील व बाहेरील हवेतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनाच्या दृष्टीने अशा अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. तेथील भित्तिचित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली असून त्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू व भाताचे तूस यांसारखे सेंद्रिय पदार्थ मिसळलेले आहेत. पुरेसा ओलावा मिळाल्यास हे पदार्थ कवकांचे खाद्य बनतात. लेण्यातील हवेत कोणते बीजाणू आहेत, ते पावसाळ्यात किती वाढतात आणि बाहेरच्या हवेपेक्षा त्यांचे प्रमाण वेगळे आहे का, हे कळल्यास चित्रांना असलेला धोका आधी ओळखता येतो.

आरोग्यविषयक उपयोग

परागकण व बीजाणू यांमुळे दमा, सर्दी, त्वचेची अॅलर्जी असे विकार उद्भवू शकतात. महाराष्ट्रात सर्वत्र पसरलेले गाजरगवत हे याचे परिचित उदाहरण आहे. कोणत्या महिन्यात हवेत कोणते कण अधिक असतात हे दाखवणारी परागदिनदर्शिका वैद्यकीय निदानास साहाय्यक ठरते. टिळक यांनी हवेतील परागकण व बीजाणू ओळखण्यासाठी सचित्र संदर्भग्रंथही तयार केला. इंडियन एरोबायॉलॉजिकल सोसायटी या संस्थेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता.

मर्यादा

उपकरणाला अखंड वीजपुरवठा लागतो. वीज खंडित झाल्यास नमुना अपुरा राहतो. पट्टीवरील कण केवळ आकार, रंग व पडदे यांवरून ओळखावे लागतात. त्यामुळे अल्टरनेरियासारखा वंश सहज ओळखता येतो, पण त्याची जाती निश्चित करणे कठीण असते. अॅस्परजिलस व पेनिसिलियम यांचे लहान गोल बीजाणू तर एकमेकांपासून वेगळे करणेही अवघड जाते. बीजाणू जिवंत आहे की मृत, हेही या पद्धतीने समजत नाही. त्यासाठी पोषक माध्यमावर कवक वाढवून पाहावे लागते. डीएनएवर आधारित पद्धतींनी जातीची ओळख अधिक खात्रीने होते, मात्र त्यांना प्रयोगशाळेतील सुविधा व खर्च अधिक लागतो.

हवेत बीजाणू असणे म्हणजे रोग होणारच, असेही नाही. यजमान पीक संवेदनशील अवस्थेत असणे आणि पाने पुरेसा वेळ ओली राहणे या अटीही पूर्ण व्हाव्या लागतात. त्यामुळे एक-दोन हंगामांच्या नोंदींवरून विश्वासार्ह पूर्वानुमान करता येत नाही. त्यासाठी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, अनेक वर्षे नोंदी ठेवणे आवश्यक असते. प्रबंध पूर्ण होताच नोंदी थांबल्या, तर त्यांतून त्या काळाचे वर्णन मिळते; शेतकऱ्याला वेळेवर सूचना देणारी व्यवस्था मात्र त्या नोंदी सलग चालू राहिल्या तरच उभी राहू शकते.