कोंबडी अंगणातून शेडमध्ये गेली तेव्हा

इतिहास म्हटला की आपल्याला गड आठवतात, लढाया आठवतात. आज आपण कोंबडीचा इतिहास पाहणार आहोत. आपल्या गटांत कोंबडीपालनासाठी कर्ज मागणाऱ्या मैत्रिणी नेहमीच असतात. त्यांना आणि आपल्या सगळ्यांनाच तो माहीत असायला हवा.

आपल्या आजीच्या काळी कोंबडी अंगणात असायची. दिवसभर उकिरडा उकरायची, संध्याकाळी डालग्याखाली यायची. वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची. त्यातली काही घरात खाल्ली जायची, काही विकली जायची. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची, एकवीस दिवसांनी पिल्लं. शेत घरधन्याच्या नावावर, बैलही त्याचे. पण कोंबडी बाईची. अंड्याच्या पैशांतून मीठमिरची यायची, पोरांची पाटी-पेन्सिल यायची. त्याचा हिशेब ती कुणाला देत नव्हती.

मग परदेशी जातीची पांढरी कोंबडी आली. तिला पिंजऱ्यात ठेवून तयार खाद्य दिलं तर ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. पण ती खुडूक होत नाही. म्हणजे पिल्लं घरी निघत नाहीत, दर वेळी विकत आणावी लागतात. पिल्लं विकत, खाद्य विकत, औषध विकत. हा व्यवहार मोठ्या भांडवलाचा झाला. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचे भाव उत्पादक स्वतः जाहीर करू लागले. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या पोराच्या ताटात आलं, हे चांगलंच झालं. पण कोंबडी मात्र बाईच्या हातातून सुटली.

हे जिथे ठळक दिसलं, ते गाव म्हणजे नवापूर. नंदुरबार जिल्ह्यातला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा आदिवासी तालुका. महामार्ग आहे, रेल्वे आहे, सुरतेची बाजारपेठ जवळ आहे. त्यामुळे इथे अंड्याच्या कोंबड्यांच्या मोठमोठ्या पोल्ट्र्या उभ्या राहिल्या. एकेका शेडमध्ये हजारो कोंबड्या, सगळ्या एकाच जातीच्या, एकाच वयाच्या, एकमेकींना खेटून. अशा ठिकाणी एका कोंबडीला रोग लागला की तो थांबवणं कठीण. विष्ठेतून, अंड्यांच्या ट्रेमधून, गाडीच्या चाकांवरून आणि माणसांच्या चपलांवरून तो पुढच्या शेडमध्ये जातो.

२००६ च्या सुरुवातीला नवापुरात कोंबड्या पटापट मरू लागल्या. ही राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी आहे, असं पोल्ट्रीवाले म्हणत होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झालं, की हा बर्ड फ्लू आहे. भारतातला पहिला. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. देशभर अंड्याचे आणि चिकनचे भाव कोसळले. नवापुरात माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही, पण भीती सगळीकडे पसरली. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही रोग निघाला.

मैत्रिणींनो, आता नीट ऐका. तेव्हा फक्त शेडमधल्या कोंबड्या मारल्या गेल्या नाहीत. पांढरे पोशाख घातलेली पथकं घरोघरी फिरली आणि अंगणातल्या गावठी कोंबड्याही घेऊन गेली. रोग पसरू नये म्हणून ते करावं लागतं, हे आपल्याला समजतं. पण ज्या घरात पाचच कोंबड्या होत्या, त्या घरातल्या बाईचा शेडच्या नफ्यात एका रुपयाचाही वाटा नव्हता. नुकसानीत मात्र तिचा वाटा पूर्ण होता. शेडवाला बँकेत जाऊन पुन्हा उभा राहू शकतो. हिची बँक तर अंगणातच होती.

पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्या वेळी अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसाच्या मोठ्या पक्ष्याला ७० रुपये आणि पिल्लाला २० रुपये असा भरपाईचा दर होता. यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या कोंबडीची. आधीच मेलेल्या कोंबडीची मिळत नाही. म्हणून कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लपवायच्या नाहीत, ओढ्यात टाकायच्या नाहीत, घाईघाईने विकायच्या किंवा कापायच्याही नाहीत. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. त्यातच आपलं आरोग्य आहे आणि पैसाही.

अंगणातली कोंबडी संपलेली नाही, हेही सांगायला हवं. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पक्षी मोजले गेले. त्यातले जवळजवळ ३२ कोटी घरगुती होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा ते ४५ टक्क्यांहून जास्त वाढले होते. म्हणजे गावोगावच्या बायकांनी हा धंदा सोडलेला नाही.

मग आपण काय करायचं? गटाच्या वहीत कर्जाचा आणि बचतीचा हिशेब असतो. त्यातच एक पान कोंबड्यांचं ठेवू या. कुणाकडे किती कोंबड्या, किती पिल्लं, लस कधी दिली, हे दर बैठकीला लिहू या. पशुगणनेला माणूस आला की अंगणातल्या कोंबड्याही मोजायला लावू या, आणि मालक म्हणून आपलं नाव सांगू या. एखादी मैत्रीण कंपनीच्या करारावर शेड घालणार असेल, तर पिल्लं मेली तर तोटा कुणाचा, शेडचे हप्ते कुणी भरायचे, माश्या आणि वास यांचं काय करायचं, हे सही करण्याआधी गटात वाचून घेऊ या.

नवापूरच्या बायकांच्या कोंबड्या गेल्या तेव्हा त्यांची मोजणी मारणाऱ्या पथकाने केली. आपल्या कोंबड्या आपणच आधी मोजून ठेवू या. पुढच्या बैठकीत वही उघडाल ना?